पिरिडीन या द्रावकाने धुतल्यावर लिग्नाइटचं (कोवळ्या, तपकिरी कोळशाचं) वजन वाढतंय. रचना बदलली का?

प्रश्न: नेयवेली लिग्नाइट, वर्धा खोऱ्यातला कोळसा (राख ३५%) आणि झरियाचा कोकिंग कोळसा, प्रत्येकी ५ ग्रॅम. सॉक्सलेटमध्ये (उकळतं द्रावक पुन्हा पुन्हा नमुन्यातून फिरवणारं काचेचं उपकरण) पिरिडीनने २४ तास निष्कर्षण केलं, म्हणजे विरघळणारा भाग काढला, मग अवशेष १०५ अंशांवर वाळवला. झरियाचं वजन घटलं, लिग्नाइटचं मात्र वाढलं! अवशेषाच्या आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १४३७ आणि ७०३ सेमी⁻¹ला नवे टोकदार पट्टे दिसतात. नवे बंध तयार झालेत का?

उत्तर १: ते पट्टे पिरिडीनचेच आहेत. लिग्नाइटमधले कार्बॉक्सिल आणि फिनॉल गट त्याला घट्ट धरून ठेवतात; साध्या ओव्हनमध्ये ते निघत नाही. शिवाय गरम हवेत कोळशाचं ऑक्सिडेशन होतं, ते वेगळंच. सॉक्सलेट नायट्रोजनखाली चालवा, नंतर त्याच थिंबलमधून (नमुना ठेवायच्या सच्छिद्र नळीतून) मिथेनॉल फिरवा आणि ८० अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. सीएचएनमध्ये (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणाऱ्या विश्लेषणात) नायट्रोजन मूळ नमुन्यापेक्षा जास्त आला, तर पिरिडीन अजून आत आहे. तोवर वजनातल्या घटीवर विसंबू नका, अर्क सुकवून वेगळा तोला.

वर्ध्याच्या नमुन्याचे आकडे राख वगळून मांडा. ५ ग्रॅममध्ये सेंद्रिय भाग ३.२५ ग्रॅमच आहे (ओलावा आधी काढलाय असं धरून). ०.५ ग्रॅम विरघळलं तर निष्कर्षण १०% नव्हे, १५.४%.

उत्तर २: मूळ प्रश्नाबद्दल. पिरिडीनच्या उत्कलनबिंदूला, म्हणजे ११५ अंशांना, सहसंयुज बंध (अणूंना जोडणारे पक्के बंध) तुटत नाहीत. सुटतात ते त्याहून कमजोर हायड्रोजन बंध. कोळशातल्या मोठ्या रेणूंचं जाळं फुगतं आणि त्यात अडकलेले लहान रेणू बाहेर पडतात. पण द्रावक काढल्यावर कोळसा पहिल्यासारखा होत नाही, साखळ्या नव्याने बिलगून बसतात. म्हणून बदल होतो हे खरं, फक्त तो मांडणीतला आहे.

लिग्नाइटमध्ये आणखी एक गाठ असते: कॅल्शियमसारखे आयन दोन कार्बॉक्सिलेटना जोडून ठेवतात, आणि पिरिडीन ती सोडवत नाही. एक भाग १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन, क्लोराइड जाईपर्यंत पाण्याने खळबळून पुन्हा करून बघा. आयआरमधला १७००चा (मोकळ्या कार्बॉक्सिल गटांचा) पट्टा वाढेल, फुगणंही वाढेल. लिग्नाइट आधी कडक वाळवू नका. त्याची जेलसारखी रचना कोसळते आणि पूर्ववत होत नाही.

उत्तर १: फुगणं स्वतंत्र मोजाच. ८ मिमी व्यासाच्या नळीत ०.३ ग्रॅम बारीक भुकटी, सेंट्रिफ्यूज करून उंची नोंदवा. द्रावक घालून तारेने नीट ढवळा, नाहीतर तळाशी कोरडी गुठळी राहते. २४ तासांनी त्याच वेगाने, तेवढाच वेळ सेंट्रिफ्यूज करा. नंतरची उंची भागिले आधीची. हेच क्लोरोबेंझीनमध्येही करा: ते हायड्रोजन बंध सोडवत नाही, त्यामुळे दोन आकड्यांतल्या फरकावरून त्या बंधांचा वाटा कळतो. अँथ्रासाइट (सर्वांत पक्व, कठीण कोळसा) घेतलात तर दोन्हीकडे जवळपास १ येईल.

प्रश्नकर्ता: झरियासाठी कार्बन डायसल्फाइड आणि एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) या द्रावकांचं १:१ मिश्रण वापरू का?

उत्तर २: वापरा. काही बिट्युमिनस कोळशांतून ते खोलीच्या तापमानालाच निम्म्याहून अधिक भाग काढतं. मात्र कार्बन डायसल्फाइडची वाफ साधारण ९० अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागावर ठिणगीशिवाय पेटते, तेव्हा फ्यूम हूडमध्ये हॉटप्लेट नको. एनएमपी २०२ अंशांना उकळतं, म्हणून अवशेष ॲसिटोनने भरपूर धुवा. नाहीतर १६८०च्या आसपास त्याच्या कार्बोनिल (C=O) गटाचा पट्टा दिसेल आणि तो कोळशाचाच वाटेल.