सालीत औषध असेल, पण काढ्यात आहे का?

धागाकर्ता (कुरखेडा तालुका, गडचिरोली):
आमच्या आठवडी बाजारात अर्जुनाची साल वजनावर मिळते. वरून पांढुरकी, आतून गुलाबी, आणि उकळली की पाणी विटकरी होते. तिला झाडपाला म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतूनच निघाले, आणि १९७१ साली त्याची रचना मांडणाऱ्यांत नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी होते. अर्जुनाच्या सालीच्या अर्कानेही प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोगाच्या पेशी मेल्याचे वाचले आहे. मग आपल्या रानातल्या सालींवर भरवसा का ठेवू नये?

प्रतिसाद १ (परिचारिका, सिंदेवाही):
भाऊ, संशोधनाला माझा विरोध नाही. भरवसा या शब्दाला आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन आमच्या मोठ्या वडिलांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, तरी चार महिने ते कुणीतरी सांगितलेला सालीचा काढाच पीत राहिले आणि तोवर गाठ मानेत उतरली. तुम्ही सांगितलेले पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून ते सालीतून वेगळे काढून, मोजून, शिरेतून द्यावे लागते. त्या यूची साल दिवसभर उकळली असती तरी पातेल्यात औषध उतरले नसते. बशीतल्या पेशी तर तीव्र मिठाच्या पाण्यानेही मरतात.

धागाकर्ता:
ताई, तो दोष सालीचा नाही, उशिराचा आहे. गाठीचा तुकडा तपासायला जिल्हा ओलांडावा लागतो, तेव्हा माणूस आधी जवळचा काढाच घेणार. वाणींनीच सहकाऱ्यांसोबत शोधलेले कॅम्टोथेसिन हे झाडातलेच कर्करोगविरोधी द्रव्य १९७० च्या दशकात मूत्राशयाला इजा करते म्हणून बाजूला पडले, पण त्यात बदल करून झालेले टोपोटेकॅन हे कर्करोगावरचे औषध १९९६ मध्ये मान्य झाले. विषारी ठरलेल्या द्रव्याला दुसरी संधी मिळते, मग आमच्या अर्जुनाला का नाही?

प्रतिसाद २ (ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका):
संधी द्या, पण झाड उरले तर. एक किलो पॅक्लिटॅक्सेलसाठी सुमारे दहा हजार किलो साल लागत असे. पुढे पानांतल्या द्रव्यापासून ते बनवता आले, म्हणून यू वाचला. तेच कॅम्टोथेसिन देणारा सह्याद्रीतला नरक्या हा वृक्ष मात्र तोडून तोडून विरळ झाला. सालीच्या आतल्या थरातून पानांचे अन्न मुळांकडे उतरते, त्यामुळे खोड गोल सोलले की झाड उभ्याउभ्या उपाशी मरते. आमच्या नाल्याकाठचे तीन अर्जुन कुणीतरी कंबरेएवढ्या उंचीवर असेच सोलले. यंदा त्यांतल्या दोघांना पालवी आली नाही.