बॅली 'एट बॉल डीलक्स' (१९८१) पिनबॉल मशीन: एलईडी बल्ब कोणते घ्यावेत?

फ्लिपरवेडा:
मशीनमध्ये सगळीकडे ४४ नंबरचे बेयॉनेट (दाबून फिरवून बसणारे) बल्ब आहेत. बॅकग्लासचा (समोरच्या उभ्या चित्राच्या काचेचा) रंग उष्णतेने सुटू लागलाय, म्हणून एलईडी घालायचेत. एक स्वस्तातला लावून पाहिला. जीआयमध्ये (कायम पेटत्या सर्वसाधारण दिव्यांत) ठीक चालतो, पण प्लेफील्डच्या (बॉल खेळतो त्या फळीच्या) इन्सर्टखाली, म्हणजे तिच्यात बसवलेल्या रंगीत प्लास्टिकच्या खिडक्यांखाली, सारखा लुकलुकतो. बल्ब खराब की ग्राउंडचा जोड?

सोल्डरवाला:
बहुधा दोन्ही नाही. जीआयला ट्रान्सफॉर्मरमधून थेट ६.३ व्होल्ट एसी मिळतो. इन्सर्टचे दिवे मात्र लॅम्प ड्रायव्हर बोर्डावरच्या एससीआरवर (एकदा ट्रिगर दिला की करंट वाहतोय तोवर चालू राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालतात. त्यांचा पुरवठा रेक्टिफाय (एसीचा डीसी) केलेला असतो, पण फिल्टर करून सपाट केलेला नसतो. दर अर्ध्या सायकलला व्होल्टेज शून्यावर येतो, एससीआर बंद होतो आणि बोर्ड त्याला पुन्हा ट्रिगर देतो. त्या क्षणी व्होल्टेज इतका कमी असतो की एलईडी करंट घेतच नाही, मग एससीआर धरून राहणार कशाच्या जोरावर? तारेचा बल्ब लगेच करंट ओढतो (४४ नंबर २५० मिलिअँपिअर, ४७ नंबर १५०), त्यामुळे हा प्रश्न तेव्हा नव्हताच.

सॉकेटला समांतर ४७० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. पाव वॅट पुरतो, अर्धा वॅट घेतलात तर निश्चिंत. इतकं सोल्डरिंग नको असेल तर बोर्ड आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) मध्ये बसणारे तयार अ‍ॅडॅप्टर मिळतात. 'नॉन-घोस्टिंग' म्हणून महाग बल्ब विकतात, त्यांच्या नादी लागू नका. घोस्टिंग, म्हणजे बंद दिवा मंद पेटणं, हा आजार विल्यम्ससारख्या लॅम्प मॅट्रिक्सवाल्या (दिवे ओळी-रकान्यांत जोडलेल्या) मशीनचा.

आणि प्लग काढूनच बल्ब बदला. सॉकेट चुकून कॉइलच्या (फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) ४३ व्होल्टला टेकला, तर बोर्डावरचे भाग जातात.

बॅकबॉक्स:
वरच्यात भर. बल्ब 'नॉन-पोलराइज्ड', म्हणजे आत ब्रिज (करंट कोणत्याही दिशेने आला तरी चालवून घेणारे डायोड) असलेलाच घ्या. साधा एलईडी एसीवर अर्धीच सायकल पेटतो, आणि पळणारा बॉल तुटक तुटक दिसतो. इन्सर्टच्या डीसीवर पोलॅरिटी उलटी पडली तर तो पेटणारच नाही. वेज (चपट्या बुडाचा) बल्ब उलटा फिरवून लावता येतो, बेयॉनेटला ती सोय नाही.

बॅकग्लासमागे वॉर्म व्हाइट, दुधी काचेचा. कूल व्हाइटने लाल-पिवळे रंग मेल्यासारखे दिसतात. लाल इन्सर्टखाली लालच, पांढरा लावला तर गुलाबी झाक येते. पिवळ्या-केशरी इन्सर्टखाली वॉर्म व्हाइट चालतो. 'सुपर ब्राइट' तर नकोच, डोळे दिपतात आणि बॉल हरवतो. सुटलेला रंग एलईडीने परत चिकटणार नाही, म्हणून बॅकग्लास मागून अजिबात पुसू नका.

रेझिस्टर लावूनही एखादा लुकलुकला, तर सॉकेट बघा. सॉकेटची नळी आणि तिला धरणारी पट्टी यांचा दाबून केलेला जोड गंजतो. तिथे सोल्डरचा एक थेंब द्या.

फ्लिपरवेडा:
मग फक्त जीआय बदलून इन्सर्ट तसेच ठेवले तर?

सोल्डरवाला:
माझं मत तेच. इन्सर्टमध्ये ४७ नंबर घाला. ४४ नंबर सुमारे १.६ वॅट खातो, ४७ नंबर एक वॅटच्या आत, आणि रेझिस्टरची कटकट नाही. फक्त बॅकबॉक्समधले (बॅकग्लासमागच्या पेटीतले) 'गेम ओव्हर', 'टिल्ट', 'मॅच' हे दिवेही एससीआरवरचेच आहेत, तेवढे जीआय समजून बदलू नका.