सुकटीचा वास घालवायचा तरी कशाला?

वलांडी
जवळा (बारीक सुकी कोळंबी, म्हणजे सुकटच) तव्यावर पडला की नाकाला पदर लावणारे आणि पानात पडला की दुसऱ्यांदा मागून घेणारे बहुतेक घरांत एकच असतात. वास आवडतो, पण आवडतो म्हणायची लाज वाटते. त्या लाजेतूनच हल्ली "वास न येणारी सुकट" नावाच्या पाककृती निघाल्यात: गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, तीनदा धुवा, लिंबू पिळा, मग परता. हाती काय लागतं? ओला भुसा. चव देणारी ग्लुटामेटसारखी द्रव्यं पाण्यात विरघळतात, ती मोरीत गेली. मग वरून मसाला कितीही ओता.

जवळा आधी भाजायचा, मग धुवायचा. एक मोठी वाटी जवळा सुपात पाखडून घ्या. कोरडा तवा, मंद आच, ४-५ मिनिटं सतत हलवत राहा. चिमटीत धरल्यावर चुरचुरला की उतरवा. गार झाल्यावर तळव्यांत हलका चोळा, मिशा आणि पाय आपोआप सुटतात. चाळणीतून ती धूळ खाली गेली की थंड पाण्यात घालून लगेच वर काढा आणि पिळा. जवळा उपसून घ्यायचा, भांडं उपडं करायचं नाही, रेती तळाशी बसलेली असते. भाजायच्या आधी भिजवला तर मिशा मऊ पडतात, सुटत नाहीत आणि घशात टोचतात. पुढे दोन कांदे, ६-७ लसूण पाकळ्या, ३-४ आमसुलं. झाकण ठेवून दोन वाफा, बास.

नाकपुडी
पाखडण्यापर्यंत सहमत. पण भाऊ, तुम्ही ज्याला वास म्हणताय त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या एकीचं कौतुक करण्यासारखं काही नाही. समुद्री मासळीच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड असतं, त्याला वास नाही. मासळी मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात. नाकात जाते ती ही. म्हणजे वास जितका उग्र, तितकी मासळी वाळायला उशीर झालेला. कडक उन्हात पटकन वाळलेल्या बोंबलाला सौम्य वास असतो. तो वाकवला की काडकन मोडतो. दमट हवेत रेंगाळलेला नुसता वाकतो, मोडत नाही. खारवलेल्या मासळीवर गुलाबी झाक दिसली तर ती मिठात तगणाऱ्या जिवाणूंची, घेऊ नका. सुक्या मुशीचा (लहान शार्क) डोळ्यांत जाणारा वास तर अमोनियाचा, तिच्या मांसातल्या युरियापासून तयार झालेला. याला "अस्सल चव" म्हणायचं?

लिंबाचंही तसंच. अमाइन आम्लारिधर्मी असते, आम्ल भेटलं की तिचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. आजीने हाताला लिंबू चोळलं ते याचसाठी. त्यात लाज कसली?

वलांडी
लिंबाला नाही म्हटलेलं नाही, लिंबाच्या वेळेला नाही म्हटलंय. आमसुलं मीही घालतो, तीही आम्लच. पण भाजण्याआधी जवळा ओला केलात तर तो तव्यावर भाजत नाही, शिजतो. पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या वर जात नाही आणि तो खमंग तपकिरीपणा येतच नाही. दोन गोष्टी म्हणालात ना? दुसरी हीच, आणि तिच्यासाठीच तर माणूस सुकट खातो.

खडाहिंग
मला या वादात गंमत दिसते ती वेगळीच. सोसायटीच्या बैठकीत बोंबलाच्या वासावर अर्धा तास बोलणाऱ्यांच्या घरी हिंगाची डबी डब्यात, तो डबा आणखी एका डब्यात असतो. का? कारण उघडी राहिली तर चहापावडरीलाही हिंगाचा वास लागतो. कच्चा खडाहिंग हुंगून बघा, सडक्या लसणासारखा. गंधकाची संयुगं आहेत ती. तुपात मुगाएवढा खडा फुलवला की उग्रपणा ओसरतो आणि वरणाला जे येतं त्याला सगळे सुवास म्हणतात. (पावडर हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणून ती दुप्पट-तिप्पट लागते आणि तेल फार तापलं तर चटकन करपते.)

पादेलोणाचंही (काळ्या मिठाचंही) तेच. भट्टीत मीठ तापवताना त्यात सल्फाइड तयार होतं, म्हणून पन्ह्याला चक्क उकडलेल्या अंड्याचा वास येतो. ज्या घरात अंडं चालत नाही तिथेही ते चालतं. फार उकळलं तर तो वास उडून जातो, म्हणून शेवटीच घालायचं. म्हणजे वास घालवायचा नाही, जपायचा! मग सुकटीवरच राग का?

प्रयोगवही
याचं उत्तर नाकात कमी, नावात जास्त आहे. २००५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी माणसांना एकच वास हुंगायला दिला. आयसोव्हॅलेरिक आम्ल, चीजमध्येही असतं आणि घामट पायमोज्यांतही. "चेडर चीज" असं नाव दाखवलं तेव्हा लोकांना तो बराच सुखद वाटला, "अंगाचा वास" म्हटल्यावर नकोसा. द्रव्य तेच. मेंदूच्या प्रतिसादातही फरक पडला. हिंगाला "स्वयंपाकघर" हे नाव मिळालंय, सुकटीला "शेजारी".

नाकपुडी
हिंगाची तुलना फसवी आहे. हिंग हा मुळातच उग्र डिंक, तो खराब झाल्यामुळे वास मारत नाही. मासळीच्या बाबतीत वास काही वेळा खरंच धोक्याची खूण असतो, आणि काही वेळा धोका असूनही वास नसतो, ते आणखी वाईट. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांना मेल्यानंतर नीट गार ठेवलं नाही तर हिस्टामीन तयार होतं. ते नाकाला कळत नाही, शिजवून-तळून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. लोक "मासळी उष्ण पडली" म्हणतात. खारा बांगडा घेताना म्हणूनच विकणाऱ्याची ओळख महत्त्वाची, वासाची आवड नव्हे. आणि नावावर सगळं ढकलायचं तर पेट्रोलचा वासही कित्येकांना गुपचूप आवडतो. त्यातलं बेन्झीन कर्करोगकारक आहे. आवड हा पुरावा नाही.

वलांडी
पेट्रोलची आमटी कोणी करत नाही. हिस्टामीनचा मुद्दा मात्र मान्य, तो जपून ठेवण्यासारखा. फक्त तो माझ्या बाजूचाच आहे: वास धुऊन काढलात तर वाईट मालही चांगल्यात खपतो. वास राहू दिला तर निदान घेताना कळेल की बोंबील दमट आहे.

घाटावरची
तुम्ही दोघं कोकणातलेच दिसता, इकडे आठवडी बाजारातून आलेली सुकट आधीच आठ-पंधरा दिवसांची असते, निवडीला फारसा वाव नाही. आमच्याकडे सरळ तव्यावर खडखडीत भाजतात, लसूण, सुकं खोबरं, तिखट घालून वरवंट्याखाली जाडसर चटणी, भाकरीबरोबर. पाण्याचा थेंब नाही. हवाबंद बरणीत महिना टिकते. ओला चमचा गेला की बुरशी.

फ्लॅटवाल्यांसाठी: रोज मूठभर भाजण्यापेक्षा आगोटीलाच, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, पाव किलो एकदम भाजून ठेवा, वास एकाच दिवशी येतो आणि संपतो. पडदे काढून ठेवा, तिथेच तो बसतो. ओटा नुसत्या साबणाने पुसू नका, शेवटचा हात आमसुलाच्या पाण्याचा. वर म्हणालेत ना, क्षार होतो.

नाकपुडी
ताई, चटणी मान्य. पण सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी)? ते कोरडे भाजून चालतच नाहीत, आत चामट राहतात. कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवावेच लागतात. मग तुमचा "पाण्यात चव जाते" हा नियम कुठे गेला, वलांडी?

वलांडी
पाणी टाकून दिलं तर जाते. सोड्यांची खिचडी त्या पाण्यातच शिजवायची.

घाटावरची
गाळून घ्या म्हणजे झालं. तळाचे दोन चमचे सोडून द्या, नाहीतर खिचडीत रेती कचकचते.