‘यागोज्यांका’ला मराठीत काय म्हणावं? ‘हंगामी पेस्ट्री’ चालेल का?

मूळ प्रश्न

गेल्या जुलैत आम्ही दोघं बारा दिवस पोलंडमध्ये होतो. त्या प्रवासाची टिपणं नीट लिहून काढते आहे आणि एका वाक्यापाशी चार दिवस अडले आहे. वाक्य असं: ‘उन्हाळ्यात पोलंडला गेलात तर तिथल्या हंगामी फळांच्या पेस्ट्री चुकवू नका.’ घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘हंगामी म्हटलं की मला हंगामी कर्मचारीच आठवतात.’ त्यांचं बरोबर आहे. ‘पेस्ट्री’चंही तेच. आपल्याकडे पेस्ट्री म्हणजे क्रीम लावलेल्या केकचा कापलेला तुकडा, आणि मी जे खाल्लं त्यात क्रीमचा थेंबही नव्हता.

तो एक लांबट बन होता, तळहातापेक्षा थोडा मोठा. वर साखरेच्या पाकाचा पांढरा, सुकलेला थर. मधोमध मोडला तर आत काळपट जांभळी फळं खच्चून भरलेली, रस पावात मुरून खालची बाजू ओली झालेली. कागदी पिशवीला जांभळा डाग पडला होता आणि आमच्या दोघांच्या जिभा रंगल्या होत्या. बेकरीतल्या पाटीवरून मी वहीत ‘जागोडझियांका’ असं उतरवून घेतलं, पण काउंटरवरच्या बाई तसं म्हणत नव्हत्या. खरा उच्चार काय, शब्दाचा अर्थ काय, आणि मराठीत काय लिहू?

वॉर्साहून

ताई, मी नऊ वर्षं इथे आहे आणि वर्षभर या दिवसांची वाट बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

उच्चार ‘यागोज्यांका’. रोमन लिपीतल्या ‘जे’चा पोलिशमध्ये ‘य’ होतो, आणि पुढे ‘डी-झेड-आय’ दिसतं त्याचा ‘जीव’मधला तालव्य ज. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘ज्यां’वर. अनेकवचन ‘यागोज्यांकी’.

‘यागोदा’ हे जंगलात वाढणारं छोटं काळंनिळं फळ. त्याला ‘ब्लूबेरी’ म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे डबीत मिळते ती टपोरी ब्लूबेरी लागवडीची. इथे तिला ‘बोरुफ्का आमेरिकान्स्का’ म्हणतात. ती कापलीत तर आतला गर फिकट, हिरवट पांढरा. यागोदा आतपर्यंत जांभळा असतो. म्हणूनच जीभ रंगते, आणि चवीला तो आंबटगोड, जास्त ठसठशीत असतो. चांगली यागोज्यांका ओळखायची पहिली खूण हीच: सारण जांभळंच हवं. त्यात पांढरट गराची फळं दिसली किंवा नुसता जॅम लागला, तर ती नावाला यागोज्यांका. एका स्टेशनवर गाडीच्या घाईत मी तसली घेतली होती, बाहेरून देखणी आणि आत चमचाभर जॅम. दुसरी खूण वजन. हातात घेतल्यावर ती जड लागली पाहिजे.

एक गंमत क्राकुफ भागातली. तिथे याच जंगली फळाला ‘बोरुफ्का’ म्हणतात आणि ‘यागोदा’ म्हणजे कुठलंही बेरीवर्गातलं फळ. वॉर्सात आणि क्राकुफमध्ये एकच शब्द वेगळं फळ दाखवतो, तेव्हा प्रवासात बोट दाखवून खात्री करून घेतलेली बरी.

पुण्याहून

‘हंगाम’ शब्दात मुळात वाईट काही नाही. खरीप हंगाम, आंब्याचा हंगाम, हे शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द आहेत. नामाला ‘ई’ लागून ‘हंगामी’ झालं की मात्र ते कचेरीत जातं: हंगामी अध्यक्ष, हंगामी नेमणूक. ‘मोसमी’ म्हणावं तर आधी वारे आठवतात, आणि फळांच्या गाडीवर गेलं तर मोसंबी. पूजेत आपण ‘ऋतुकालोद्भव पुष्पाणि’ म्हणतो, त्या वाटेने ‘ऋतुफळं’ हा शब्द छान आहे, पण बनाशेजारी तो फार सोवळा वाटतो. मी साधं लिहीन: ‘त्या त्या दिवसांतल्या फळांचे’. बोलताना आपण ‘आंब्याचे दिवस’ म्हणतोच की.

गोव्याहून

‘यागोदा’पासून ‘यागोज्यांका’ हे वाचून मला आमची तवसळी आठवली. पावसाळ्यातल्या मोठ्या तवशाची करतात ती तवसळी. पदार्थाचं नाव फळातूनच निघालंय, वेगळं ‘काकडीचा केक’ सांगायची गरज पडत नाही. तसंच हे दिसतं. मग भाषांतर कशाला? यागोज्यांकाच लिहा.

वॉर्साहून

अगदी बरोबर. ‘-आंका’ हा पोलिशमधला नेहमीचा प्रत्यय. ‘मास्वो’ म्हणजे लोणी, त्यावरून ‘माश्लांका’ म्हणजे ताक. ओट्सच्या लापशीला ‘ओफ्स्यांका’. तवसळीचं उदाहरण फार चपखल दिलंत.

पण प्रत्येक फळाला असं स्वतंत्र नाव मिळालेलं नाही. बाकीच्यांचं सामायिक नाव ‘द्रोझ्जुफ्का’, ‘द्रोझ्जे’ म्हणजे खमीर, त्यावरून. म्हणजे खमिराच्या पिठाचा गोड पाव. त्यात काय आहे ते पुढे सांगतात: ‘झ राबार्बारेम’, ‘झ विश्न्यामी’, ‘झे श्लिफ्कामी’. हा ‘झ’ किंवा ‘झे’ म्हणजे ‘सह’, आणि संस्कृतात ‘सह’बरोबर तृतीया येते तशी इथेही तृतीयाच येते. पाटी वाचताना शेवटचा ‘-एम’ किंवा ‘-आमी’ बाजूला काढला की फळ हाती लागतं. विचारायचं असेल तर दोनच शब्द पुरतात: ‘स चिम?’, म्हणजे ‘कशासह?’

मे-जूनमध्ये राबार्बार, म्हणजे रुबार्बचे आंबट दांडे. (वनस्पतिशास्त्रात ते फळ नाही, पण बेकरीत त्याला फळाचाच मान आहे.) जूनमध्ये ‘त्रुस्काफ्का’, स्ट्रॉबेरी. जुलैत ‘विश्न्या’. इथे पुन्हा सावध: मराठीत आपण दोन्हींना चेरी म्हणतो, पण ‘चेरेश्न्या’ ती गोड, नुसती खायची, आणि ‘विश्न्या’ आंबट. भाजल्यावर चव टिकते ती आंबटाची. जुलै-ऑगस्ट यागोदा. ऑगस्टअखेर ‘श्लिफ्का’, आलुबुखार. त्यातला लांबट ‘व्हेंग्येर्का’ सर्वांत चांगला, आणि त्या नावाचा दुसरा अर्थ हंगेरीची बाई. शरदात सफरचंद, त्याची ‘शार्लोत्का’, म्हणजे सफरचंदाचा केक. ‘आन्तोनुफ्का’ किंवा ‘शारा रेनेता’ या आंबट जातींची असेल तर डोळे झाकून घ्या.

आता हे सगळं जिथे मिळतं त्या ‘चुक्येर्न्या’बद्दल. यातला च ‘चांगला’मधला, दंत्य. मराठी माणसाला हा उच्चार शिकावा लागत नाही. ‘चुक्येर’ म्हणजे साखर. पोलिशने तो जर्मनकडून घेतला, आणि माग काढत मागे गेलं तर अरबी ‘सुक्कर’, फारसी ‘शकर’ आणि अखेर संस्कृत ‘शर्करा’. आपली ‘साखर’ही तिथलीच. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर दर वेळी तो शब्द वाचताना मला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं.

पोझनानहून

आमच्याकडे गोल वळलेल्या, वर पाकाचा थर दिलेल्या द्रोझ्जुफ्काला ‘श्नेका झ ग्लान्त्सेम’ म्हणतात. ‘श्नेका’ जर्मन शब्दावरून, अर्थ गोगलगाय. वॉर्सात हा शब्द वापरून पाहू नका.

पुण्याहून

वरच्या थराला आणि आतल्या भरण्याला काय म्हणायचं हे राहिलं. थर म्हणजे पाक. आपण ‘पाकातले चिरोटे’ म्हणतोच. भरण्याला ‘पुरण’ नको, ते शिजवून वाटलेलं असतं. ही फळं साखर लावून अख्खीच भरलेली दिसतात, म्हणून ‘सारण’.

वॉर्साहून

हो, अख्खीच. साखर आणि थोडं बटाट्याचं स्टार्च लावतात, रस फार वाहू नये म्हणून. काही ठिकाणी पाकाऐवजी ‘क्रुशोंका’ असते: लोणी, साखर, मैदा बोटांनी चुरून वर भुरभुरवतात. शब्दाचा अर्थही तोच, चुरा. मला स्वतःला चुऱ्याचीच आवडते.

आणि पुढच्या खेपेला मागताना ‘द्व्ये यागोज्यांकी’ म्हणा, दोन यागोज्यांका. पोलिशमध्ये स्त्रीलिंगी नामापुढे ‘द्व्ये’ येतं, संस्कृतातही स्त्रीलिंगी ‘द्वे’. दोन्ही एकाच मुळातले.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलं आहे:

‘पोलंडमध्ये त्या त्या दिवसांतल्या फळांचं सारण भरलेले खमिराचे गोड पाव मिळतात. जुलैत गेलात तर यागोज्यांका शोधा, जांभळ्या सारणाची, हातात जड लागणारी.’

सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘जिभा रंगल्या ते का काढलंस?’ असं त्यांनी विचारलं. तेही परत घातलं आहे.