ब्रुसेल्सची आंबट बिअर उन्हाळाभर कपाटात राहिली, आता उघडू का?

पूर्वभाग_५८
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये भाचा ब्रुसेल्सहून आला होता. जाताना दोन बाटल्या हातात ठेवून म्हणाला, "मामा, घाई करू नका, सावकाश प्या." एक ३७५ मिलीची, एक ७५० ची. दोन्हींवर ‘औदे ग्यूझ’ लिहिलेलं, शँपेनसारखं बूच आणि वर तार.

लहान बाटली मी बर्फात घालून गारेगार केली आणि नेहमीच्या बिअरसारखा मोठा घोट घेतला. दात आंबले. बिअर नासली असं समजून बेसिनमध्ये ओतून दिली. परवा त्याचा फोन आला, "मामा, कशी लागली?" मला उत्तर देता येईना. वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरलेली वस्तू मी दोन मिनिटांत ओतली, हे मनाला लागून राहिलंय.

मोठी बाटली अजून आहे, पण लाकडी कपाटात चादरींखाली आडवी होती. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. ती खराब झाली असेल का? आणि नसेल तर प्यायची कशी? मला खरंच शिकायचंय.

लूव्हनहून_परत
काका, बाटली आधी कपाटातून काढा, पण आज उघडू नका. तापलेल्या बाटलीत दाब फार असतो, बूच उडेल आणि अर्धी बिअर जमिनीवर जाईल. फ्रीजमध्ये दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. १०-१२ अंशांवर तिचा वास खुलतो. बर्फासारखी गार असली की वास दबतो, नुसता आंबटपणा उरतो. पहिल्या बाटलीचं तेच झालं, ती नासलेली नव्हती.

चार वर्षं तिकडे होतो, तेव्हा ब्रुसेल्सच्या आंडरलेख्टमधली कान्तियाँ ब्रुअरी पाहिली. १९०० पासूनची. माळ्यावर तांब्याचा उथळ, उघडा हौद आहे. जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू उकळून निघालेलं गोड पाणी रात्रभर त्यात निवत ठेवतात. यीस्ट घालतच नाहीत. हवेतलं आणि त्या जुन्या वास्तूतलं जे काही उतरेल तेच. म्हणून हे काम थंडीच्या दिवसांतच, ऑक्टोबर ते एप्रिल. गरमीत नको ते जंतू शिरतात. हॉप्सही (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) मुद्दाम जुने, कडूपणा गेलेले घेतात. ते टिकवायला असतात, चवीला नाही.

मग पिंपात हळूहळू आंबत राहतं. लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू आंबटपणा आणतात, आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट तो वास आणतं. अशा बिअरला लँबिक म्हणतात. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून बाटलीत भरली की ग्यूझ. तरण्या लँबिकमध्ये साखर उरलेली असते, तिच्यावर बाटलीतच फेस तयार होतो. ‘औदे’ म्हणजे जुनी. तो शब्द असला की साखर घालून गोड केलेली नाही असं समजा.

उन्हाळ्याने थोडं नुकसान झालं असेलच. उघडल्यावर नुसता व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा झणका आला तर सोडून द्या. ताकासारखा आंबटपणा, लिंबाची साल, गवत, जुनं चामडं असं काही आलं तर बिअर शाबूत आहे. तिकडे त्या वासाला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात, आणि ते कौतुक असतं.

भाकरीताई
मला बिअरमधलं कळत नाही, पण आंबट आणि नासकं यातला फरक आमच्या आजीने शिकवला. ज्वारीच्या पिठाची आंबील रात्री भिजत घातली की सकाळी ती आधी हुंगायची. चांगला आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो आणि पाणी सुटतं. बिघडलेला आधी नाकात जातो. काका, तुम्ही लहानपणी आंबील प्यायला असाल तर हे तुमच्या जिभेला माहीत आहे.

लूव्हनहून_परत
ताई, अगदी बरोबर! आणि खाण्याचंही सांगायचं राहिलं. ब्रुसेल्समध्ये लँबिकबरोबर पावावर मऊ पांढरं चीज, मुळा आणि कांद्याची पात देतात. आपल्याकडे कडक भाकरीवर मिठाचा चक्का लावा, वर मुळ्याच्या चकत्या. मी घरी हेच करतो.

पूर्वभाग_५८
काल रात्री उघडली. बूच मोठ्याने निघालं, पण सांडली नाही. वाइनच्या ग्लासात हळू ओतली, रंग मधासारखा. आधी फक्त वास घेतला. पहिल्या पावसात भिजलेली धनगराची घोंगडी! आमच्या वडिलांच्या दुकानाबाहेर पावसाळ्यात हाच वास यायचा. पहिला घोट आंबटच लागला. दुसरा भाकरी-चक्क्यानंतर घेतला, तर आंबटपणा मागे सरला आणि कच्च्या सफरचंदाची, मग लिंबाच्या सालीची चव आली. शेवट एकदम कोरडा, गोडाचा अंशही नाही. व्हिनेगर किंचित जाणवलं, ते कपाटाचं पाप असावं.

भाच्याला फोन करून लहान बाटलीचंही खरं सांगितलं. अर्धी उरलीय. मूळचं बूच परत बसेना, रबरी बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवलीय. आज शेंगाचटणीबरोबर बघतो.