विषय: हातातल्या बॅगेत हळद चालते का? शनिवारच्या आत सांगा

सुनील (सध्या गावी)
मंडळी, शनिवारी नागपूरहून निघतो, दोहामार्गे अमेरिकेला. दोन्ही मोठ्या बॅगा २३-२३ किलोला टेकल्या, कारण आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या वाणाच्या स्टीलच्या वाट्या त्यांतच आहेत. आता आईनं वायगावची हळद दळून ठेवली आहे, दोन किलो. वरून भिवापुरी तिखट आणि जवसाची चटणी. "मांडीवर घेऊन बसजो, कोन काय म्हन्ते?" असं तिचं म्हणणं. केबिनला सात किलो, त्यात लॅपटॉप. हळद चालते की नाही एवढंच सांगा. उद्या कापसाची गाडी घेऊन हिंगणघाटला जायचं आहे आणि नेट फक्त गच्चीवर येतं, तेव्हा रात्रीच लिहा.

विवेक
नाही चालत. अमेरिकेकडे येणाऱ्या विमानात ३५० मिलीच्या वर कुठलीही भुकटी हातात नेता येत नाही. ३० जून २०१८ पासूनचा नियम आहे. नागपूरला सोडतील, दोहाला काढतील.

अश्विनी
विवेक, सरसकट "नाही" असं नाहीये. ३५० मिलीच्या वर असेल तर वेगळी तपासणी होते आणि त्यांची शंका फिटली नाही तर ठेवून घेतात. म्हणूनच भुकटी मोठ्या बॅगेत टाका असं सांगतात. बाळाची दूधपावडर, औषधं आणि अस्थी यांना सूट आहे. हळद त्यात बसत नाही. आणि सुनील, ३५० मिली हे वजन नव्हे, माप आहे. कोल्ड्रिंकचा एक कॅन समजा. दोन किलो हळद कितीही चेपली तरी कॅनमध्ये मावायची नाही.

विवेक
म्हणजे नाहीच ना? मी तेच म्हटलं.

प्रदीप काका
मूळ प्रश्न असा की हळद तिकडून आणायचीच कशाला. आमच्या सांगलीची हळद इथल्या दुकानात शेल्फवर पडलेली असते. जीआय टॅग आहे तिला, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद.

हेमंत
काका, टॅग वायगावच्या हळदीलेही आहे. आमच्या समुद्रपूर तालुक्यातली आहे ते. कुर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) पाहा, रंग पाहा, मग बोला. दुकानातली हळद भाजीत टाकली की भाजी फिकी ते फिकीच राह्यते. माझ्या सासूबाई पुण्याच्या, त्यासुद्धा आता हेच मागून राहिल्या.
सुनील, जागा झालीच तर भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ पाच किलो आणजो भाऊ.

मंदाताई
हळदीकुंकवाचं सामान दरवर्षी मी बघते, हे नव्यांना माहीत नसेल म्हणून लिहिते. हळद-कुंकवाच्या पुड्या माझ्याकडे भरून तयार आहेत. सुनीलला हळद आणायला कोणी सांगितलं? वाट्यांचं ठरलं होतं, तेवढंच ठरलं होतं.

सुनील
मंदाताई, हळद मंडळासाठी नाही हो, घरच्यासाठी आहे. तुमच्या पुड्यांना कोणी हात लावत नाही.

अश्विनी
हेमंत, चिन्नोर विसरा. भारतातून प्रवासी सामानात तांदूळ आणायला बंदी आहे, खापरा भुंगेऱ्यामुळे. साठवणीतल्या धान्याची ही कीड एकदा गोदामात शिरली की निघता निघत नाही, म्हणून अमेरिकेतले तपासणीवाले फार कडक आहेत. हरभऱ्यालाही तोच नियम. संत्री तर आणूच नका, लिंबूवर्गीय फळांना पूर्ण मनाई आहे. सुकी हळद, मसाले चालतात, पण उतरल्यावर फॉर्मवर किंवा तोंडी सांगायचं. न सांगता सापडलं तर दंड.

हेमंत
मागच्या वेळी एकानं तांदूळ आणले होते की. नाव नाही सांगत.

प्रदीप काका
सगळ्यांना माहीत आहे कोण ते. मसालेभात त्याचाच झाला होता गणपतीत.

राधिका
सुनीलदादा, सुकं खोबरं घेताय का? काकूंनी दिलं असेल तर काढा. ते ना केबिनमध्ये चालत, ना खालच्या सामानात. तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. माझ्या बहिणीची बॅग एकदा विमानतळावर उघडायला लावली आणि वाटीभर खोबऱ्यापायी सगळं आवरून पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, खाली टाकायची नाही.

विवेक
पॉवर बँक १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचवाली ७४ भरते, चालते. त्यावर छापलेलं पुसट झालं असेल तर मात्र वाद घालतात.

सुनील
खोबरं होतं. काढलं. आई म्हणाली, "मंग चटनीत काय टाकनार तिकडं?"
तिखटाचं कोणी बोललंच नाही.

अश्विनी
तिखट हातात अजिबात नको. मिरचीची पूड नागपूरलाच सीआयएसएफवाले (विमानतळावरचे सुरक्षा जवान) काढून ठेवतात, कोणाच्या डोळ्यांत जायला नको म्हणून. लोणचंही हातात नको. जवसाची चटणी भुकटीच, तीही खाली. माझं ऐकाल तर वाट्या हातात घ्या आणि पुड्या खाली टाका. स्टीलच्या वाटीला कोण अडवतो! तपासणीत ट्रेमध्ये काढून बघतील, बस.

मंदाताई
वाट्या हातात घेतल्या तर पोचे पडतील. वाण देताना मलाच ऐकावं लागतं, अश्विनीला नाही. वाट्या गाडीतसुद्धा वर ठेवू नका. तुमच्या गावापासून महामार्गावरच्या जाम गावापर्यंतचा रस्ता कसा आहे ते हेमंत सांगेल.

हेमंत
ताई, जामच्या पुढं चार पदरी आहे, बुटीबोरीपर्यंत पोटातलं पाणी हालत नाही. जामच्या अलीकडचं नका विचारू.

सुनील
ठरलं. निम्म्या वाट्या टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत, त्यांच्या जागी हळद आणि तिखट, डबल पिशवी टेप मारून. लॅपटॉपची बॅग खांद्यावर. ती वेगळी धरतात की सातातच मोजतात ते तिकिटावर स्पष्ट नाही, सकाळी फोन करून विचारतो. जवसाची चटणी आईनं शेजारच्या काकूंना देऊन टाकली, जागाच नव्हती.

प्रदीप काका
जवसाची द्यायला नको होती. हळद दिली असती तरी चाललं असतं.

मंदाताई
निम्म्या म्हणजे किती? मोजून लिहा. आणि मंडळाचा सामान मोजायचा काटा कोणाकडे आहे? पिकनिकला विवेकच्या गाडीत होता.