मदत हवी आहे: फी भरायला शुक्रवारपर्यंतच मुदत, मुलगी हुशार आहे

सुलभा_क
नमस्कार. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावी झाली. इंजिनिअरिंगला जागा मिळते आहे पण वर्षाची फी १ लाख ३५ हजार, त्यातले ३० हजार शुक्रवारी भरायचे. वडील सोसायटीत वॉचमन. फी देणाऱ्या संस्थांची नावं आणि फोन हवेत. कृपया लवकर सांगा, उगाच सल्ले नकोत. मी तिला आठवीपासून गणित शिकवते आहे, मुलीबद्दल शंका नको.

बाबूराव_चिंचवड
गाव कुठलं? पुणे का? टक्के किती? सीईटी दिली का? ब्रँच कुठली?

सीईटीची_आई
आणि कॅटेगरी? उत्पन्नाचा दाखला आहे का? ताई, हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार. मी गेल्या वर्षी लेकीसाठी दोन महिने यातच होते.

सुलभा_क
पुणेच, अजून कुठलं. पीसीएमला ८४ पर्सेंटाइल. ओबीसी आहेत बहुतेक. कॉम्प्युटर.

सीईटीची_आई
बहुतेक?

जुना_वसतिगृहवाला
विद्यार्थी साहाय्यक समितीत जा. १९५५ पासून पुण्यात गरीब मुलांसाठी काम चालू आहे. मी तिथेच राहून शिकलो. सकाळी सफाईची पाळी, संध्याकाळी कमवा-शिकाचं काम, आणि वर मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते. पाठीवर हात ठेवणारं कोणी असेल तर पोरगं टिकतं.

बाबूराव_चिंचवड
अहो, ते बाहेरगावच्या मुलांसाठी. ही पुण्यातच राहते. तिला वसतिगृह कशाला? मुळात डिप्लोमा करायला हवा होता दहावीनंतर. तीन वर्षं, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. माझ्या भाच्यानं तेच केलं, आज चाकणला सुपरवायझर आहे.

जुना_वसतिगृहवाला
ती बारावी झाली आहे काका. आता दहावीत परत पाठवायचं का?

बाबूराव_चिंचवड
मी तत्त्वाचं बोललो.

मिलिंद_न्यूजर्सी
सुलभाताई, चांगलं काम करताय. फीपेक्षा मेंटॉर महत्त्वाचा. मी दर रविवारी झूमवर तासभर देईन, करिअरची दिशा, आत्मविश्वास, इंग्रजी संभाषण. तिच्याकडे लॅपटॉप आहे का? नसेल तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलाच घ्या, आठमध्ये पुढे अडचण येते.

सुलभा_क
लॅपटॉपचं मी विचारलेलंच नाही. फी.

प्राध्यापिका_मंचर
मी एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवते. एक गोष्ट खटकते आहे. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या अजून चालू आहेत. मग शुक्रवारी ३० हजार कोणाला भरायचे? कॅपमधून जागा लागली असती तर तुम्ही कॉलेजचं नाव आणि फेरी सांगितली असती. ही जागा नक्की कशातून मिळते आहे?

सुलभा_क
पहिल्या फेरीत तिचा नंबर लागला नाही. क्लासच्या सरांनी ओळखीनं एका कॉलेजात जागा धरून ठेवली आहे. त्यांनी सांगितलं आता कॅपची वाट बघण्यात अर्थ नाही, संस्थेच्या कोट्यात घेऊन टाका, स्कॉलरशिप नंतर होते. मला हे सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

प्राध्यापिका_मंचर
तीच तर सांगायची गोष्ट होती. पैसे भरू नका.
जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. संस्थेच्या, म्हणजे व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी नाही. सर म्हणाले 'नंतर होते', ते होत नाही. चार वर्षं पूर्ण फी.
आणि आता कागद. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी. अर्ज भरताना तिनं काय काय अपलोड केलं ते लॉगिन उघडून बघा. माझा अंदाज, ती ओपनमध्ये गेली आहे.

सीईटीची_आई
तंतोतंत. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आजोबांचा शाळेचा उतारा वगैरे. मूळ गाव बाहेरचं असेल तर दाखला तिथूनच काढावा लागतो. आमचे दोन शनिवार नुसते शाळेचं जुनं रजिस्टर शोधण्यात गेले, शिपाई म्हणाला वाळवी लागली. (लागली नव्हती.) पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्जाची पावती चालते, मात्र दिलेल्या मुदतीत मूळ कागद द्यावाच लागतो.

सुलभा_क
बघितलं. मुलीला घेऊन बसले. जातीचा दाखला आहे, गेवराईहून काढलेला, दहावीत. नॉन-क्रीमीलेयर मार्चमध्ये संपला. तिनं तोच अपलोड केला होता आणि तो नाकारला, त्याचा मेसेज तिच्या जुन्या नंबरवर गेला. आईला काही कळलं नाही, मला सांगितलं नाही. मला वाटलं होतं ती मला सगळं सांगते.

जुना_वसतिगृहवाला
ताई, मनाला लावून घेऊ नका. आम्हीपण कार्यकर्त्यांना सांगायचो नाही. मदत करणाऱ्यासमोर चुकलो हे कबूल करणं जास्त अवघड जातं.

बाबूराव_चिंचवड
पण ८४ ला कॉम्प्युटर पुण्यात मिळणार नाही. इलेक्ट्रिकल घ्यायला सांगा. माझा भाचा

प्राध्यापिका_मंचर
काका, भाचा राहू द्या.
सुलभाताई, किती पर्याय भरले आहेत?

सुलभा_क
सहा. सगळे पुण्यातले, सगळे कॉम्प्युटर.

प्राध्यापिका_मंचर
तिथेच गणित चुकलं. पुढच्या फेरीआधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीचे कटऑफ आहेत, ते कागदावर उतरवून घ्या. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे फी माफीच्या राखीव जागा, विसरू नका, त्यांचे चॉइस कोड वेगळे, शेवटी टी असतो. त्यात शिक्षण फी माफ, जात लागत नाही, उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, पण जागा थोड्या आणि चुरस मोठी. अवसरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यादीत घाला. इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल बघा. पण वर जे लिहाल ते तिला खरंच हवं असलं पाहिजे, कारण पहिला पर्याय लागला की तीच जागा पक्की होते, मागे फिरता येत नाही. आणि एकदा तिला एकटीला विचारा, कॉम्प्युटरच का हवं ते. मला अनेक मुली सांगतात, 'सगळे म्हणतात म्हणून'.
नॉन-क्रीमीलेयरसाठी आजच सेतूत जा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना तेही बघा. महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे त्याच खात्यात येतात.

मिलिंद_न्यूजर्सी
झूमची वेळ ठरवूया का? तुमची रात्र, माझी सकाळ.

प्राध्यापिका_मंचर
मिलिंदजी, मदत खरंच करायची असेल तर ऑगस्टऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या. पहिल्या चाचणीत दहापैकी दोन मिळाल्यावर मराठी माध्यमातली पोरं मागच्या बाकावर सरकतात, मग तासालाच येत नाहीत. सबमिशनची फाइल अर्धवट राहते, टर्मवर्क अडतं आणि शेवटी वायडी लागते, म्हणजे वर्ष वाया जातं. इंग्रजी संभाषणानं ते थांबत नाही. गणिताच्या तासानंतर कोणी विचारलं, 'आज काय कळलं नाही?' तर थांबतं.

मिलिंद_न्यूजर्सी
पटलं. ऑक्टोबरमध्ये दर बुधवारी. गणितच घेतो, इंग्रजी राहू दे.

सीईटीची_आई
लीला पूनावाला फाउंडेशनही बघा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलींना शिष्यवृत्ती देतात, सोबत प्रशिक्षणही असतं. त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. फी माफ झाली तरी प्रवास, ड्रॉइंगचं सामान, पुस्तकं, डबा, हा खर्च कुठे जात नाही.

सुलभा_क
अपडेट. सरांना नकार कळवला. ते चिडले, म्हणाले जागा गेली तर मला विचारू नका. नॉन-क्रीमीलेयरचा अर्ज केला, पावती आहे. सुविधा केंद्रावर तक्रार नोंदवली, त्यांनी नवीन कागद कधी स्वीकारतील ते सांगितलं. तिला एकटीला विचारलं. म्हणाली, 'मला मशीन उघडून बघायला आवडतं, पण मॅडम, ते मुलींचं नाही म्हणाली आत्या.' इन्स्ट्रुमेंटेशन वर घेतलं आहे. अवसरीला वसतिगृह लागेल, त्याची चौकशी उद्या. आता एकतीस पर्याय भरून झालेत. दुसऱ्या फेरीची यादी गुरुवारी. डिप्लोमाबद्दल बोलायचं असेल तर काकांनी कृपया वेगळा धागा काढावा.

बाबूराव_चिंचवड
काढला आहे. इन्स्ट्रुमेंटेशन चांगलं, चाकणला मागणी आहे. भाच्याचा नंबर देऊ का?

मिलिंद_न्यूजर्सी
लॅपटॉपचं मग काय ठरलं?